आईला आत घेणारा विभाग : शीव रुग्णालयाच्या नवजात कक्षाची वाटचाल

नाशिकजवळच्या ओझरमध्ये एखाद्या घरी सातव्या-आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या की पुढचा रस्ता ठरलेला असतो. रुग्णवाहिका मुंबई-आग्रा महामार्गाला लागते आणि आडगावकडे किंवा नाशिककडे निघते. काही तासांनी घरी निरोप येतो : बाळ आहे, पण कमी दिवसांचे आहे, पेटीत ठेवले आहे. पुढचे कित्येक दिवस त्या घराचे सारे लक्ष दवाखान्यातल्या एका बंद दाराकडे लागलेले असते. आईने बाळाजवळ जावे का, त्याला हात लावावा का, बापाला आत सोडावे का, या प्रश्नांची उत्तरे आज शासनाच्या मार्गदर्शक पुस्तिकांत छापलेली आहेत. पन्नास वर्षांपूर्वी बहुतेक रुग्णालयांत उत्तर एकच होते : नातेवाइकांनी बाहेर थांबायचे.

हे उत्तर बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, अशा विभागांपैकी एक याच महामार्गाने कसारा घाट उतरून गेल्यावर मुंबईत लागतो. शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयाचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘सायन हॉस्पिटल’चा, हा नवजात विभाग. संस्थेचा इतिहास लिहिताना इमारती, खाटा आणि यंत्रे मोजण्याची आपल्याकडे प्रथा आहे. या विभागाचा इतिहास मात्र त्याच्या दाराशी उभे राहून सांगितला तर अधिक नीट कळतो : आत कोणाला घेतले, कोणत्या अडचणीतून घेतले आणि त्यामुळे परिचारिकेचे काम कसे बदलले.

पेटी येण्यापूर्वी आणि आल्यानंतर

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. त्याच्या अडचणी समजून घेतल्या तरच पुढचा इतिहास समजतो. त्याच्या त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे ते स्वतःची ऊब राखू शकत नाही. फुप्फुसे उघडी ठेवणारा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमतो. त्याआधी बाळ अंगावर पिऊ शकत नाही. त्याला नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दूध द्यावे लागते. मध्येच त्याचा श्वास थांबतो आणि तळपायाला टिचकी मारून त्याला श्वासाची आठवण करून द्यावी लागते. आईकडून गर्भात मिळणारी रोगप्रतिकारक द्रव्ये शेवटच्या तीन महिन्यांत जास्त येतात. तीच त्याला कमी मिळालेली असतात.

जुन्या घरांना यातले शास्त्र ठाऊक नव्हते, पण ऊब लागते हे ठाऊक होते. सातव्या महिन्यात झालेले पोर कापसात गुंडाळून ठेवायचे, खोलीत शेगडी ठेवायची, कुंची-टोपडे घालायचे, कापसाच्या बोळ्याने थेंबथेंब दूध तोंडात सोडायचे, असे उपाय सुइणी आणि आज्या करत असत. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही समजूतही त्याच घरांतली. कमी दिवसांच्या बाळाच्या घरात ती पाचवी मोठ्या धास्तीने पुजली जाई, कारण पहिल्या आठवड्यातच मूल हाती लागेल की नाही ते बहुधा ठरत असे. उबेचे उपाय होते, पण श्वास, दूध आणि जंतुसंसर्ग यांवर काही इलाज नव्हता.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेच्या पेट्या आल्या. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ पियर ब्यूदाँ यांनी अशा बाळांच्या संगोपनाचा पद्धतशीर अभ्यास केला. बाळ दीर्घकाळ दूर राहिले तर आईचे मन त्याच्यावरून उडू लागते, हेही त्यांनी नोंदवून ठेवले होते आणि म्हणून आयांना जवळ ठेवून अंगावर पाजण्यावर त्यांचा भर होता. पुढे यंत्र लोकप्रिय झाले आणि हा भाग मागे पडला. मार्टिन कूनी यांनी तर १८९६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात पेटीतली बाळे तिकीट लावून दाखवली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर त्यांचे हे प्रदर्शन १९०३ पासून चाळीस वर्षे चालले. त्यातून बाळे वाचली, हेही खरे. मात्र बाळ पेटीत, परिचारिका पेटीपाशी आणि आई-बाप काचेबाहेर, ही रचना विसाव्या शतकातल्या रुग्णालयांत पक्की झाली. संसर्गाची भीती हे तिचे मुख्य कारण होते.

त्या भीतीला पहिला मोठा धक्का १९७० च्या सुमारास अमेरिकेत बसला. स्टॅनफर्ड येथील डॉक्टरांनी आयांना अतिदक्षता कक्षात येऊ दिले आणि संसर्ग वाढत नसल्याचे दाखवले. क्लाउस आणि केनेल या दोन बालरोगतज्ज्ञांनी पुढे जन्मानंतरच्या सहवासाचा आई-बाळाच्या नात्यावर काय परिणाम होतो, यावर लिहिले. त्यांचे काही दावे नंतर सौम्य करावे लागले. पहिल्या काही तासांत जवळीक झाली नाही तर ती पुन्हा जुळतच नाही, असे आज कोणी मानत नाही. पण विनाकारण केलेली ताटातूट आईला आणि बाळाला दोघांनाही महाग पडते, ही गोष्ट चर्चेत आली ती तेव्हापासून.

शीवचे रुग्णालय

शीवचे रुग्णालय १९४७ साली लष्कराच्या जुन्या बराकींत, ५० खाटांनिशी सुरू झाले. १९६४ साली त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शेजारी धारावी. पोटासाठी मुंबईत आलेल्या कुटुंबांतील बाळंतिणींना जवळचे आणि परवडणारे रुग्णालय हेच. बाळंतपणांची गर्दी मोठी. कुपोषित, अंगात रक्त कमी असलेल्या, कामाच्या धबडग्यात शेवटपर्यंत तपासणीला न आलेल्या बाया येत. त्यांची बाळे लहान चणीची आणि पुष्कळदा अपुऱ्या दिवसांची असत.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी इथल्या नवजात बाळांच्या कामात लक्ष घातले, तेव्हा कक्षापुढचा मुख्य शत्रू जंतुसंसर्ग होता. परिचारिका थोड्या, बाळे पुष्कळ. हिशोब केला तर अडचण लगेच कळते. दर दोन तासांनी दूध म्हणजे एका बाळाला दिवसातून १२ वेळा. वीस बाळे असली तर दिवसातून २४० वेळा दूध मोजायचे, तयार करायचे आणि अर्धा-अर्धा तास बसून पाजायचे. शिवाय प्रत्येकाचे अंग पुसणे, लंगोट बदलणे, ताप मोजणे, वजन करणे, सलाइन पाहणे आणि श्वासावर नजर ठेवणे. दोन-तीन सिस्टर एका पाळीत हे सगळे करतात तेव्हा एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी हात धुणे राहून जाते. दूध पावडरीचे असते, बाटली नीट उकळलेली नसते आणि एका बाळाचा जुलाब ओळीने साऱ्या कक्षात फिरतो.

यावर शीवच्या विभागाने दोन निर्णय घेतले. पहिला, डब्यातले दूध आणि बाटली कक्षातून हद्दपार करायची आणि बाळांना फक्त आईचे दूध द्यायचे. दुसरा, आयांना आत घ्यायचे आणि बाळाची रोजची काळजी त्यांच्यावर सोपवायची. दोन्ही निर्णय एकमेकांना बांधलेले होते. आई आत आल्याशिवाय तिचे ताजे दूध बाळाला मिळत नव्हते, आणि दूध देण्याचे काम हाती आल्यावर तिला बाहेर ठेवण्याचे कारण उरत नव्हते. बाळांचा संसर्ग आणि जुलाब यांना यामुळे आळा बसला.

परिणामामागचे कारण साधे होते. प्रत्येक बाळाला आता शक्यतो एकाच माणसाचे हात लागत होते. आईच्या अंगावरचे जंतू तिच्या दुधातल्या प्रतिद्रव्यांना ओळखीचे असतात. रुग्णालयातल्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंपेक्षा ते बाळाला फार कमी त्रास देतात. अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या पहिल्या दुधात, चिकात, प्रथिने आणि संरक्षक घटक अधिक असतात. अशा बाळांना होणारा आतड्याचा भाग निर्जीव होण्याचा जीवघेणा आजार वरच्या दुधापेक्षा आईच्या दुधावर कमी होतो, हे पुढे जगभर मान्य झाले.

सिस्टरचे बदललेले काम

हा बदल डॉक्टरांनी ठरवला, पण राबवला परिचारिकांनी. आयांना आत घेणे म्हणजे सिस्टरचा भार हलका होणे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात तिचे काम वेगळे झाले आणि काही बाबतींत अवघड झाले. आतापर्यंत ती बाळाची एकटी राखणदार होती. आता तिला एकाच वेळी बाळ सांभाळायचे आणि आई घडवायची होती.

कक्षात प्रथमच येणाऱ्या आईची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे काम किती नाजूक आहे ते ठाऊक आहे. बाळ तळहाताएवढे, अंगाला नळ्या चिकटवलेल्या, त्वचा इतकी पातळ की शिरा दिसाव्यात. आईला वाटते, हात लावला तर काही होईल. घरून कोणी म्हणालेले असते, ‘जास्त जीव लावू नकोस.’ आपल्याच हातून काही चुकले म्हणून असे झाले, हा सल मनात असतो. अशा बाईला ‘हात धुवा आणि बाळाला धरा’ एवढे सांगून भागत नाही. कुशल सिस्टर आधी तिला बाळाच्या डोक्यावर एक हात आणि पायांवर एक हात स्थिर ठेवायला सांगते. गोंजारणे नको, कारण हलका, फिरता स्पर्श इतक्या लहान बाळाला सोसत नाही. स्थिर हात त्याला शांत करतो. मग लंगोट बदलणे, मग नळीने दूध देताना सिरिंज धरणे, मग कुशीत घेणे, अशा पायऱ्या येतात. गर्भात ऐकलेला आवाज बाळ ओळखते, म्हणून बोलायला सांगितले जाते. बहुतेक आया पहिल्या दिवशी बोलतच नाहीत. दोन-तीन दिवसांनी कोणी हळूच नाव घेते, बारसे झालेले नसले तरी.

दूध काढण्याचे शिक्षण हा या कामाचा दुसरा मोठा भाग. बाळ चोखत नसल्याने दूध आटण्याची भीती असते. दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा, हाताने किंवा पंपाने दूध काढत राहावे लागते. पहिल्या दिवशी चमचाभर चीक निघतो आणि आई म्हणते, ‘सिस्टर, मला दूधच नाही.’ तो चमचाभर त्या बाळाच्या दोन-तीन वेळांना पुरतो हे तिला दाखवून द्यावे लागते.

तिसरा भाग घरी जाण्याची तयारी. बाळ गार पडले आहे का, हे ओळखायला थर्मामीटर लागत नाही : तळहाताच्या मागच्या बाजूने पोट आणि पाऊल चाचपायचे. दोन्ही उबदार तर ठीक. पोट गरम आणि पाऊल गार तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार तर धोका. दूध पिणे मंदावले, छाती आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर झाले, अंग सैल पडले, तर थांबायचे नाही. आईला हे कक्षातच, सिस्टरच्या नजरेखाली, रोज करून पाहायला मिळाले तर घरी ती घाबरत नाही. म्हणून बाळाच्या घरी जाण्याची तयारी पहिल्याच दिवशी सुरू करावी लागते.

दूधपेढी

आईचे दूधच द्यायचे, हा नियम पाळायचा तर ज्या बाळांना ते मिळूच शकत नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरतो. कोणाची आई बाळंतपणात आजारी, कोणाची आई दगावलेली, कोणी टाकून दिलेले, कोणाच्या आईला अजून पुरेसे दूध उतरलेले नाही. त्याच रुग्णालयात दुसरीकडे बाळाच्या गरजेपेक्षा जास्त दूध असलेल्या आया होत्या. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला डॉ. फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी पाहिली होती. तिच्या धर्तीवर २७ नोव्हेंबर १९८९ रोजी शीव रुग्णालयात दूधपेढी सुरू झाली. आशियातली ही पहिली मातृदुग्धपेढी.

महाराष्ट्राला दूधआई नवी नाही. शंभूराजांना अंगावर पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचे नाव इतिहासाने जपले आहे. पण एका राजपुत्रासाठी शोधलेली दूधआई आणि सार्वजनिक रुग्णालयातली पेढी यांत मोठे अंतर आहे. पेढीत देणारी आणि घेणारी एकमेकींना ओळखत नाहीत. तीन-चार आयांचे दूध एका भांड्यात एकत्र होते; त्यात जात, धर्म, प्रांत यांचा हिशोब राहत नाही. दुधाचे पैसे दिले जात नाहीत.

कामाची रीत काटेकोर आहे. देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ ब आणि गुप्तरोग यांसाठी तपासणी होते. तिचे स्वतःचे बाळ व्यवस्थित पीत आणि वाढत असले पाहिजे. हात आणि स्तन स्वच्छ करून दूध काढले जाते. एकत्र केलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून झटपट थंड करतात. या तापमानाला घातक जंतू मरतात आणि बरेचसे संरक्षक घटक टिकतात. उकळले असते तर ते गेले असते. नमुन्यात जंतू वाढत नाहीत याची खात्री झाल्यावरच उणे २० अंशांवर साठवलेले ते दूध कक्षात जाते. डॉक्टरच्या लेखी सूचनेशिवाय ते दिले जात नाही, कारण आईचे स्वतःचे दूध हा नेहमीच पहिला पर्याय असतो. पेढीचा हेतू आईची जागा घेण्याचा नाही. तिचे दूध उतरेपर्यंतचे दिवस निभावण्याचा आहे.

या पेढीचे काम पुढे डॉ. जयश्री मोंडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढवले आणि इतर रुग्णालयांतील लोकांना पेढी उभारण्याचे शिक्षण दिले. २०१७ साली केंद्र सरकारने सार्वजनिक रुग्णालयांतील स्तनपान-व्यवस्थापन केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दूधपेढी, आयांचे समुपदेशन आणि बाळाला छातीशी धरण्याची पद्धत या गोष्टी एकत्र आणलेल्या दिसतात. शीवमध्ये दूधपेढी आणि आयांना शिकवणे ही कामे एकमेकांच्या हातात हात घालून वाढली होती. डॉ. फर्नांडिस पुढे याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. बाळ घरी गेल्यावर वस्तीत त्याचे काय होते, हा प्रश्न त्यांना रुग्णालयाबाहेर घेऊन गेला आणि १९९९ साली त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था उभी केली. माता-बालकांच्या आरोग्यासाठी ती मुंबईच्या वस्त्यांत काम करते.

तीन टंचाईग्रस्त रुग्णालये

या इतिहासातला एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. शीवमध्ये आया आत येत होत्या त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या दोन टोकांना हेच घडत होते. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे एका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत. तिथे १९७८ साली डॉ. एडगर रे आणि त्यांच्यामागून डॉ. एक्तोर मार्तिनेज यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीला नाव मिळाले. एस्टोनियात, टालिन येथे १९७९ साली डॉ. आदिक लेविन यांनी परिचारिका पुरत नाहीत म्हणून आयांना चोवीस तास बाळापाशी राहू दिले. तिन्ही ठिकाणी सुरुवात तत्त्वज्ञानातून झाली नाही. माणसे कमी, पेट्या कमी आणि संसर्ग जास्त, या अडचणीतून झाली. वेळ निभावून नेण्यासाठी केलेली सोय उपचार ठरली, आणि ज्यांच्याकडे यंत्रांची कमतरता नव्हती अशा देशांनीही ती नंतर उचलली.

त्याचे पुरावे हळूहळू जमले आणि त्यांतला एक मुंबईचा आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी दोन किलोहून कमी वजनाच्या २०६ बाळांचे दोन गट करून तुलना केली. छातीशी धरलेल्या बाळांचे वजन दिवसाला सरासरी सुमारे २४ ग्रॅमने वाढले, नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांचे साडेपंधरा ग्रॅमने. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आई-बापांना पद्धतशीर शिकवून अतिदक्षता कक्षात सहभागी करून घेतले गेले. त्यामुळे संसर्ग वाढला नाही आणि बाळ घरी जाताना निव्वळ स्तनपानावर असण्याचे प्रमाण वाढले. याच कामाच्या पायावर २०१७ साली ‘कुटुंब सहभागी संगोपना’ची सरकारी मार्गदर्शिका आली.

सर्वांत मोठा पुरावा २०२१ सालचा. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील रुग्णालयांत १ ते १.८ किलोदरम्यानच्या ३,२११ बाळांचा अभ्यास केला. भारतातून दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. तोवर रीत अशी होती की बाळ स्थिर झाले की मग छातीशी द्यायचे. इथे एका गटातल्या बाळांना जन्मानंतर लगेच, अस्थिर असतानाच, आईच्या छातीशी ठेवले आणि तिची खाटही अतिदक्षता कक्षातच लावली. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू जुन्या रीतीच्या गटात १५.७ टक्के, तर या गटात १२ टक्के झाले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. पुढच्याच वर्षी संघटनेने आपली शिफारस बदलली. शीवने दार उघडून चार दशके उलटल्यावर आईची खाट कक्षात असावी, हे जगाच्या पुस्तकात लिहिले गेले.

खेड्याची बाजू : गडचिरोली

रुग्णालयाचे दार उघडले तरी तिथवर न पोहोचणाऱ्या बाळांचा प्रश्न होताच. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शोधले. ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. या आरोग्यदूत बाळाचे वजन करत, त्याला उबदार पिशवीत ठेवायला सांगत, स्तनपानात मदत करत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देत आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शनही देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आला, तुलनेच्या ४७ गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. शीवने रुग्णालयात आईवर ठेवलेला विश्वास गडचिरोलीने गावातल्या बाईवर ठेवला, असे म्हणता येईल. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या घरी जाऊन बाळ पाहतात, ते याच कामातून. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी असतात.

ओझरच्या वाटेवर

आज ओझरच्या बाळासाठी कागदावर सलग साखळी आहे. जिथे बाळंतपण होते तिथे नवजात कोपरा, त्यावर चार खाटांचे स्थिरीकरण केंद्र, जिल्हा रुग्णालयात किमान बारा खाटांचा विशेष नवजात कक्ष आणि घरी परतल्यावर आशाताई. राज्यभरातील परिचर्या महाविद्यालयांच्या पदवी परीक्षा ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून घेतल्या जातात, तेही नाशिकमध्ये, १९९८ पासून आहे. महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० साली हजारी ११ होता. देशाचा २० होता.

तरीही हा जिल्हा ऑगस्ट २०१७ विसरू शकत नाही. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात त्या एका महिन्यात ५५ अर्भके दगावल्याचे पुढे आले आणि बातमी देशभर गेली. एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे, लांबून उशिरा पोहोचलेली कमी वजनाची बाळे आणि अपुरी जागा यांची त्या वेळी चर्चा झाली. बोगोटा आणि शीवचे डॉक्टर चार दशकांपूर्वी ज्या टंचाईशी झगडले, ती सरलेली नव्हती.

म्हणून एक गैरसमज इथेच खोडून काढायला हवा. आईला आत घेणे म्हणजे परिचारिका कमी करण्याचा परवाना नव्हे. ओझरकरांना हा मुद्दा पाण्याच्या कामातून माहीत आहे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडे असलेल्या या गावात बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाटबंधारे खात्याने पाणी मोजून संस्थेला द्यायचे आणि संस्थेने ते शिवारात वाटायचे, असा तो करार. शेतकऱ्यांनी वाटप हाती घेतले म्हणून धरणात पाणी असण्याची आणि ते कालव्यात सोडण्याची जबाबदारी खात्यावरून उतरली नाही. नवजात कक्षातही तसेच आहे. आई बाळाला ऊब देते, दूध देते, त्याचा श्वास पाहते. ऑक्सिजनचा दाब, सलाइनचा वेग, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, संसर्गाची पहिली चाहूल आणि घाबरलेल्या आईला शिकवण्याचा वेळ हे सारे शिकलेल्या परिचारिकेकडेच राहते. तिला उसंत नसेल तर ‘सहभाग’ म्हणजे फक्त नातेवाइकांवर ढकललेले काम ठरते.

दुसरी अडचण आईच्या खाटेची आणि ताटाची. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला मोफत आहार नेहमीच्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवस धरलेला आहे. सव्वा किलोचे बाळ मात्र महिना-दीड महिना कक्षात राहू शकते. ओझरहून किंवा त्याहून लांब, सुरगाणा-पेठच्या पाड्यावरून आलेली ओली बाळंतीण एवढे दिवस कुठे झोपेल आणि काय खाईल, यावर तिचे दूध टिकणे अवलंबून असते. घरी दुसरे लहान मूल असेल, द्राक्षांचा हंगाम सुरू असेल, तर तिला परत नेण्याची घाई होते. बाळाजवळ राहण्याचा हक्क द्यायचा तर राहण्याची सोयही उपचारातच मोजावी लागेल.

तिसरी गोष्ट बापाची. पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी, सोयेराचे दहा दिवस आणि वॉर्डातले ‘पुरुषांनी बाहेर थांबा’ या तिन्हींमुळे आपल्याकडचा बाप काचेबाहेरच राहत आला. त्याने करायचे ते धावपळीचे : रक्त आणायचे, औषधे आणायची, कागदावर सही करायची. बाळाला छातीशी धरायला मात्र आईच हवी असे नाही. सिझेरियननंतर आई वर वॉर्डात पडून असताना बापाची, आजीची, मावशीची छातीही तेवढीच उबदार असते. शर्टाची बटणे सोडून, टोपडे आणि लंगोटातले बाळ उभे छातीशी घेऊन, वरून ओढणीने बांधून किमान तासभर बसलेला बाप काही कक्षांत आता दिसू लागला आहे. ज्याने बाळ असे धरले, तो ते जगवण्याच्या कामात घरीही उभा राहतो, हे अनुभवी सिस्टर आवर्जून सांगतात.

नोंदवही

शीवच्या विभागाचे देणे मोजायचे तर दूधपेढीचे लिटर मोजता येतील आणि ते मोठे आहेत. पण त्याहून महत्त्वाचा आहे तो कामाचा क्रम. आधी आईला उपचाराचा भाग मानले गेले, मग त्याला लागणारी साधने उभी राहिली. अनेक नवीन कक्षांत क्रम उलटा असतो. आधी यंत्रांची यादी होते, आणि आईसाठी खुर्ची शेवटी उरलेल्या जागेत ठेवली जाते.

नवजात कक्षातल्या प्रत्येक बाळाच्या कागदावर वजन, तापमान, दुधाचे मिलिलिटर आणि ऑक्सिजन यांचे रकाने असतात. सिस्टर ते न चुकता भरते, कारण त्यांवर पाळी बदलताना प्रश्न विचारला जातो. त्याच कागदावर आणखी दोन रकाने असावेत : आज आईने बाळाला किती तास छातीशी धरले, आणि आज बाप आत आला का. ज्या कक्षांत हे लिहिले जाते आणि वॉर्डाच्या फेरीत डॉक्टर ते विचारतात, तिथे आईसाठी जागा, जेवण आणि शिकवायला सिस्टर यांची मागणी पुढे रेटता येते. जिथे रकानाच नाही, तिथे तास शून्य असले तरी कोणाला जाब विचारता येत नाही. ओझर ते नाशिक या रस्त्यावरच्या प्रत्येक नवजात कक्षाने हे दोन रकाने आखले, तर शीवने सुरू केलेले काम या भागात पुढे नेल्यासारखे होईल. त्याला निधी लागत नाही. विभागप्रमुखाची सही आणि परिचारिकांचा होकार पुरतो.